सोपटाचा दोर

सकाळी सव्वानऊ. असोद्याहून जळगावला जाणारी बस नुकतीच दारावरून गेली होती, तेव्हा हे सुरू झालं. तेव्हापासून किस्से इतके साचलेत की शेजारणी दळण बाजूला ठेवून ऐकतात. हसतात. मीही हसते, काय करणार!

मालिश करणाऱ्या सुमनअक्कांनी माझ्या तीन महिन्यांच्या पियूचा पाय पोटाशी दुमडला. कट्!
"वाजलं ना? हाड मोकळं झालं!" अक्का म्हणाल्या.
पियू संध्याकाळपर्यंत रडायची थांबली नाही.

*

जळगावच्या दवाखान्यात एक्सरे काढला. मांडीचं हाड ताजं मोडलेलं, दोन बरगड्या आधीच मोडून जुळलेल्या. मला, तिच्या आईला, पत्ताच नाही!
प्लास्टरवाले काका हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगा, पोरीला मारता का?"
मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे एक्सरे उलटा धरून बघत होते. रिक्षात विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"
"मला वाटलं, तू सांगशील."

*

पियूच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर. बारशाला बाया म्हणाल्या, "विलायती पोर!" सासूबाई फुगल्या, "आमच्या घराण्याचे डोळे!" नजर लागेल म्हणून मी रोज तीट लावायची.
डॉक्टर मॅडमनी पापणी वर करून पाहिलं आणि एक्सरे पुन्हा हातात घेतला. त्या डोळ्यांचं कौतुक न करणारं पहिलंच माणूस!

*

मग कॅल्शियम. येईल तो पाहुणा एक डबा आणी. सात डबे झाले.
मॅडम म्हणाल्या, "नुसता चुना काय करणार? हाडातल्या पेशी आपल्याभोवती दोऱ्यांची जाळी विणतात, चुना त्या जाळीत बसतो. कातडी, डोळ्याचा पांढरा पडदा, सगळं त्याच दोऱ्यांवर. तुमची केळीची शेती ना? खोडाच्या सालीचा, सोपटाचा दोर कच्चा असला तर गाठ कितीही घट्ट मारा, तो तुटणारच! हिचा दोरच कच्चा आहे. पडदा पातळ, म्हणून आतलं निळं दिसतं."
"मग दोर बदला ना!"
"तो नाही बदलता येत, ताई. जपायचं. औषधाने हाड थोडं तग धरेल."
सातवीत मला शरीरातली हाडं पाठ होती. त्यांना आतून धरतं कोण, ते कुणी विचारलंच नव्हतं.

*

सासूबाईंनी गल्लीत सांगितलं, "दोर कच्चा निघाला. धुळ्याकडचा असंल!"
धुळं माझं माहेर. आई फोनवर म्हणाली, "बठ्ठं वाईट आमनंच शे का वं?" सगळं वाईट आमचंच का, म्हणे!
निळे डोळे मात्र अजून सासूबाईंच्याच घराण्याचे!

*

पियू आता साडेचार वर्षांची. मागच्या सोमवारी सहावं प्लास्टर. बाकावर एक नवी आई होती, मांडीवर तान्हं, त्याचा पाय सुजलेला. तिचा नवरा खिडकीबाहेर बघत होता.
काकांनी एक्सरे पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "ताई, खरं सांगा..."
पियू स्ट्रेचरवरूनच ओरडली, "काका, आधी बाळाचे डोळे बघा ना! आणि रात्रीच्या प्लास्टरवाल्या काकांनापण सांगून ठेवा!"