गोचीड आणि सुकेळी

मी आमच्या कुत्र्याचा स्तन गोचीड समजून चिमट्याने ओढला. एकदा नव्हे, लागोपाठ दोन रविवार.

माझी बाजू अशी की तो कुत्रा होता, कुत्री नव्हे. नरालाही ही सामग्री असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आरशात बघितलं असतं तरी कळलं असतं, असं बायको म्हणते. त्यात मी पडलो वाडीवाला, केळी-चिकू पिकवणारा. उपटताना गवत निघालं नाही की आम्ही समजतो, मूळ खोल गेलंय, आणि जोर वाढवतो.

त्या काळी विहिरीजवळच्या ओट्यावर रविवार सकाळचा हा कार्यक्रमच असे. चिकूच्या सावलीत कुत्रा उताणा, शेजारी साबणाच्या पाण्याचा डबा, मी चष्म्याशिवाय. चष्मा लावला की म्हातारा दिसतो, असा माझा तेव्हा समज होता. मी ओढलं तसा तो जन्मात पहिल्यांदा माझ्यावर गुरकावला.

"मुरलेला गोचीड आहे," मी घरात जाहीर केलं. "पुढच्या रविवारी बघतो त्याच्याकडे."

पुढच्या रविवारीही तो हरला नाही. मी वरून हळद लावली.

मंगळवारी पाचूबंदरची म्हावरेवाली मावशी फाटकाशी आली. तिची "म्हावरंऽऽ" अशी हाक आली की कुत्रा केळीतून सुसाट धावायचा. बोंबलाचं डोकं हा त्याचा ठरलेला हक्क. त्या दिवशी त्याने नुसते कान हलवले. मावशीने पाटी खाली ठेवली, ओट्यापाशी येऊन त्याचा ओठ वर केला.

"दादा, हिरड्या बग याच्या. पापलेटाच्या पोटावानी पांढऱ्या. आंग पन तापलंय."

"मी दर रविवारी गोचीड काढतो, मावशी."

"काडतोस ते दिसतंय. ऊठ, रिक्षा बोलव."

रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एवढं जड ते कधीच लागलं नव्हतं. वाटेत मांजर दिसलं तरी उठला नाही, तेव्हा मात्र मी रिक्षावाल्याला म्हटलं, जोरात घे.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. हळद लागलेली जागा तिने बराच वेळ न्याहाळली.

"काका, हे काय केलंत?"

"गोचीड निघत नव्हता."

"निघणार नाहीच. तो याचा स्वतःचा आहे. असे अजून सात आहेत, दाखवू?"

मग तिने कान उलटा केला, पंजाची बोटं फाकवली. खरे गोचीड तिथे मजेत बसले होते, करडे, टम्म फुगलेले. पोट सोडून मी कुठे बघितलंच नव्हतं. रक्त तपासलं, गोचीडताप. "अजून दोन दिवस थांबला असतात तर..." एवढंच ती म्हणाली. चार आठवडे रोज गोळी, पोटात अन्न असताना. बरा दिसला तरी बंद करायची नाही.

तो भात खायचा आणि गोळी माझ्या पायाशी थुंकायचा. शेवटी बायकोने पाहुण्यांसाठी जपलेल्या सुकेळ्यांची पुडी सोडली. आमच्याच वाडीतली केळी, आम्हीच उन्हात सुकवून केळीच्याच वाळक्या सोपटात बांधलेली. सुकेळीच्या पोटात गोळी गेली, कुत्र्याच्या पोटात सुकेळी. पाहुण्यांना त्या वर्षी बिस्किटं मिळाली.

आता ना ती वाडी, ना तो कुत्रा. तो पुढे पुष्कळ जगला, म्हातारा होऊन गेला. पण कुठे सुकेळीचा तो मधाळ वास आला की माझी बोटं आपोआप एखादा कान शोधू लागतात.

गोळ्या संपत आल्या तेव्हाची गोष्ट. फाटकाशी हाक आली आणि माझ्या हातातली सुकेळी तशीच टाकून कुत्रा धावला. मीही मागोमाग गेलो, नवी अक्कल मावशीला ऐकवायला. कान कसा बघायचा, बोटांच्या बेचक्या कशा तपासायच्या आणि ओघात ती पोटावरची भानगडही.

मावशीने बोंबलाचं डोकं कुत्र्यापुढे टाकलं, मला आपादमस्तक बघितलं आणि पाटीतलं म्हावरं निवडणाऱ्या बायकोकडे वळली.

"बरं झालं बाय, तुमच्याकडं गाय नाय."