घोडेबाई

आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई समोरून येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत, पायांकडे बघत. माणसं त्यांना चालीवरून ओळखू येत. मी मागून येत असलो तरी मान न वळवता म्हणायच्या, "ये रे, टाच आपटत." नगरच्या आमच्या कॉलेजात मुलं त्यांना 'घोडेबाई' म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं. "गाढवबाई नाही म्हणत, हे काय कमी आहे?" एवढंच त्या म्हणायच्या.

हे नाव टांग्यांमुळे पडलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी आमचा वर्ग माळीवाड्याला टांगे उभे राहत तिथं नेला आणि एका टांगेवाल्याला घोडा पळवायला सांगितलं.

"बसा की मग, बाई."

"बसायचं नाही. रिकामाच पळवा. आम्ही इथून बघणार."

"घोडं इकत घ्यायचंय का?"

"नाही हो. कुठला पाय कधी उचलतो, तेवढंच बघायचंय."

टांगेवाल्यानं आमच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि घोडा सोडला. आम्ही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून बघत होतो. एकालाही पाय सांगता आले नाहीत. मी तर शेतकऱ्याचा मुलगा, जनावरांतच वाढलेला. मलाही नाही.

परत आल्यावर त्यांनी दोन मुलांना पुढेमागे उभं करून कमरेला दोरी बांधली. एक झाला पुढचे पाय, दुसरा मागचे. पुढच्यानं डावा उचलला की मागच्यानं उजवा, ही टांग्याच्या घोड्याची दुडकी. दोघांनी एकदम डावा, मग एकदम उजवा, की झाला उंट. उंट होताना कोणीतरी हमखास आपटायचं. मुलींच्या जोडीत बाई स्वतः पदर खोचून उभ्या राहत आणि आपटल्या तर सगळ्यांत मोठ्यानं हसत.

मला त्या नेहमी मागचे पाय करत. मी खेड्यातला, इंग्रजी धड न येणारा, म्हणून मागे ठेवतात असं मला वाटे. एकदा धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "अरे, पुढचे पाय ओझं झेलतात. पण जनावराला पुढे ढकलतं कोण? मागचे. तुझ्या घरात कॉलेजात आलेला तू पहिला ना? तुला ढकलायला मागे कुणी नाही. तूच ढकलणारा."

पुस्तकं इंग्रजीत होती आणि माझं एक पान वाचून होईपर्यंत तास संपायचा. बाईंनी मला पुस्तक मिटायला लावलं आणि किल्ल्याच्या खंदकावर घारी बघायला पाठवलं. परत येऊन मी सांगितलं, "बाई, ती पंख हलवतच नाही."

"मग वर कशी जाते?"

मी खिडकीबाहेर तापलेल्या मैदानाकडे बघितलं. मग म्हणालो, "उन्हानं तापलेली हवा वर चाललीय. तिच्यावर बसून जात असेल."

त्यांनी पुस्तकाचं एक पान माझ्यापुढे उघडलं. "हेच लिहिलंय इथं. आधी डोळ्यांनी शीक. शब्द मागून येतील."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. वडील आमचे दोन बैल घेऊन चारा छावणीत राहत होते; बैल इतके खंगले होते की धरून उठवावे लागत. मी भेटायला गेलो की ते शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "आमी हितं बैल उठिवतोय, अन आमचं पोरगं नगरात बैल उठतो कसा ते शिकतंय! लई भारी कालेज हाय." मी हे बाईंना सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "विचार त्यांना, कुठल्या बाजूनं उचलता?" वडिलांचं उत्तर आलं, "ढुंगनाकडनं. म्होरनं वढलं तर उठतंय व्हय?" बाईंना ते माहीत होतंच. बैल आधी मागचे पाय उभे करतो, घोडा पुढचे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांचं वाक्य, त्यातल्या त्या शब्दासकट, भर वर्गात सांगितलं.

दिवाळीनंतर एकदा मी त्यांच्या मागून जिना चढत होतो. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. त्यांच्या उजव्या चपलेचं टोक प्रत्येक पायरीला अडकत होतं. मी काही दिवस नुसतं बघत राहिलो. असं बोलावं की नाही, हे मला कळत नव्हतं. पण बघितलेलं सांगायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"बाई, तुमचं उजवं पाऊल लोंबतंय. गुडघा जास्त उचलून टाकताय तुम्ही."

त्या तिथंच पायरीवर बसल्या. खालून मुलं येत होती, त्यांना वाट करून दिली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, कुणाला दिसत नाही." आणि थोड्या वेळानं, "बरोबर बघितलंस. शाब्बास."

कॉलेजात मला मिळालेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी. ती मला नको होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचं दुखणं आहे, वाढत जाणार, औषध नाही. बाईंनी ते आम्हाला आवाज न उतरवता सांगितलं. त्यांचं एकच म्हणणं होतं, आमची परीक्षा होईपर्यंत त्यांना वर्गात उभं राहून शिकवायचं होतं. आधी काठी आली. मग जिन्याला दोन मुलींचे खांदे लागू लागले. शिपायानं खुर्ची आणून ठेवली, तेव्हा त्याला म्हणाल्या, "मासे आणि साप बसून शिकवता येतात रे. चालणं उभं राहूनच शिकवावं लागतं."

माणसाचं चालणं त्यांनी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी काठी फळ्याला टेकवली आणि म्हणाल्या, "दारापासून टेबलापर्यंत चालते. कुठं चुकतंय ते सांगा."

पहिल्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली.

"रडलीस तर दिसणार नाही तुला. डोळे पूस. चालणं म्हणजे पडता पडता सावरणं. माझं सावरणं कुठं उशिरा येतंय, तेवढं बघ."

त्या चालल्या. मीच आधी बोललो. मग एकेक जण सांगू लागला. पोटरी, घोटा, कंबर एका बाजूला कलते. त्या चालता चालता आमच्या चुका दुरुस्त करत होत्या. टेबलाची कड हाताला लागली तेव्हा म्हणाल्या, "झालं." दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. परीक्षेला महिना होता. त्या महिन्यात त्या आल्याच नाहीत.

त्यांचे भाऊ त्यांना राहात्याला घेऊन गेले. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी बाई गेल्या. निकाल लागला तसा मी एकदाच जाऊन आलो होतो, तेवढीच भेट.

खाटेवर त्या उशांच्या आधारानं होत्या. हातही गेले होते. जीभ जड झाली होती. फक्त त्यांच्या वहिनींना त्यांचं बोलणं समजत होतं, त्या मला सांगत होत्या. मी पास झालो म्हणालो. पुढे शिकणार म्हणालो. बाईंनी डोळे मिटून घेतले, आणि मला वाटतं, त्या हसल्या.

मी निघायला उठलो तशा त्या काही बोलल्या. वहिनी म्हणाल्या, "दारापर्यंत चालत जा म्हणतात. आणि परत ये."

खोली लहानशी. पण आयुष्यभर जे न शिकता करत आलो ते मला जमेना. आधी कुठला पाय, तेच कळेना. कसाबसा दारापर्यंत गेलो, वळलो, आलो.

बाईंचे ओठ हलले. वहिनी वाकल्या. "हात हलवायला विसरलास म्हणतात."

मी पुन्हा निघालो, हात हलवत. वहिनींनी पदर तोंडाला लावला. बाईंची नजर माझ्याबरोबर दारापर्यंत जात होती आणि परत येत होती.

"आणखी," त्या म्हणाल्या. तो शब्द वहिनींना सांगावा लागला नाही.