सोफ्याकडे झुकलेली प्रवाळं

मस्कतजवळच्या अल खौदला एका गृहस्थांकडे गणपतीच्या आरतीला गेलो होतो, मित्राच्या ओळखीने. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

बाप्पाआधी त्यांनी आम्हाला फिश टँकसमोर उभं केलं. आत जिवंत प्रवाळं होती. फोटो झकास यावेत म्हणून दिवा फक्त सोफ्याच्या बाजूला लावलेला. प्रवाळ उजेडाच्या दिशेने वाढतं, त्यामुळे सगळ्या फांद्या सोफ्याकडे झुकलेल्या. मला बसवलं होतं स्वयंपाकघराच्या बाजूला. तिथून नुसते पांढुरके, उघडे बुडखे दिसत होते.

“दिवा मधोमध का नाही लावत?” मी विचारलं.

“मागून कोण बघतंय?” म्हणत ते पुढची काच पुसू लागले.

तेवढ्यात त्यांचा अर्बाब आला, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक. हे कमरेत वाकून धावले, त्याला सोफ्यावर बसवलं आणि समोर स्टूल ओढून बसले.

“अहो, आरती करायची ना?” त्यांच्या बायकोने विचारलं.

“इन्शाल्ला,” हे मान न वळवता म्हणाले.

मग तासभर आम्हाला त्यांची पाठच दिसत होती. प्रवाळाला निदान जागचं हलता तरी येत नाही.