तिसऱ्या खेपेचा सौदा

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तराजू दुरुस्त करायचे. दुकानदारांचे काटे, गोदामातले वजनकाटे, सोनारांची पेटीतली नाजूक पारडी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं, हे मला त्यांनीच दाखवलं. वजन झिजलं की थोडं शिसं वाढवायचं, जास्त भरलं की कोरून काढायचं. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे असेल, पण माणसांनाही ते तसेच तपासायचे. कुणी "साधारण दहा मिनिटांत येतो" म्हटलं की विचारायचे, "साधारण म्हणजे किती?" त्यांच्याशी गप्पा मारायला बसलं की आपण पारड्यात बसलोय असं वाटायचं.

नवी वस्तू त्यांनी उभ्या आयुष्यात घेतली नसेल. जुनी मात्र अशी हेरून आणायचे की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. त्याचे त्यांचे कायदे होते. विकणारा काय सांगतो ते ऐकायचं नाही, वस्तूचे स्क्रू बघायचे. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असतील तर आत कुणीतरी हात घातलाय. वस्तू आवडली तर चेहरा पाडायचा. आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे तिसऱ्या खेपेशिवाय घ्यायचं नाही. पहिल्या खेपेला विकणारा ताठ असतो, दुसरीला वाट बघत असतो, तिसरीला दमलेला असतो. या सगळ्या खेपांना मी बरोबर असे. माझं काम पिशवी धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. त्यातलं पहिलं मला जमायचं.

त्यांचा एकच शौक होता, रेडिओ. तोही लघुलहरींचा, दूरदूरच्या देशांतली केंद्रं पकडायचा. माझी भाची, त्यांची एकुलती एक लेक, पाच वर्षांची असताना तिला मांडीवर घेऊन शिकवायचे, "काटा हळू फिरव गं, घाई केलीस की स्टेशन निसटतं." ती जीभ बाहेर काढून, श्वास रोखून काटा फिरवायची. एखादं केंद्र लागलं की दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. माझी बहीण, म्हणजे ताई, म्हणायची, "घरात मी एकटीच माणूस आहे, ही दोघं यंत्रं आहेत."

ती पोर मोठी झाली आणि रेडिओतच गेली. परदेशातल्या एका केंद्रावर आपल्या भाषेतल्या बातम्या वाचायची नोकरी लागली. रोज संध्याकाळी सव्वासहाला, पंधरा मिनिटं. तेव्हा ताई आजारी होती. तिनंच लेकीला "जा, माझ्यासाठी थांबू नकोस" म्हणून पाठवलं. दोन महिन्यांत ताई गेली. लेकीला विमान मिळून ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ती दारात पिशवी ठेवते न ठेवते तोच भावोजी म्हणाले, "गेलीस ती गेलीस. आता तुझा आवाजसुद्धा माझ्या कानावर पडायला नको." ती चौथ्या दिवशी परत गेली. मी तिथंच उभा होतो. मला बहिणीचं दुःख होतं आणि भाचीचा रागही आलेला होता, म्हणून मी मध्ये पडलो नाही. पडायला हवं होतं.

पुढं वर्षभरानं एकदा न सांगता त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भावोजी खुर्ची टेबलाजवळ ओढून, कान रेडिओला लावून बसलेले. समोर तराजू तपासणीची जुनी वही उघडी, हातात पेन्सिल. रेडिओतून माझी भाची कुठल्यातरी देशातल्या पुराची बातमी सांगत होती. मला बघून भावोजी दचकले, पण रेडिओ बंद केला नाही. बातम्या संपल्यावर वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि म्हणाले, "तुझ्या ताईची शपथ आहे. पोरीला कळता कामा नये."

"अहो पण भावोजी, कळलं तर बिघडलं कुठं?"

"शपथ घातली ना? मग झालं."

मी शब्द दिला आणि पाळलाही. भाचीची वर्षातून दोन पत्रं मला यायची. प्रत्येकात शेवटी असायचं, "बाबा कसे आहेत?" मी लिहायचो, "तब्येत बरी आहे." अकरा वर्षं मी हेच एक वाक्य लिहीत आलो.

अकराव्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. भावोजींचा रेडिओ म्हातारा झाला. काटा जागेवर असला तरी केंद्र सरकायचं, वर शिट्टी वाजायची, अर्धे शब्द गिळले जायचे. त्यांनी खिडकीतून गच्चीपर्यंत तार ओढून बघितली, आतली धूळ झाडली, काही उपयोग झाला नाही. तशात भाचीचं पत्र आलं. "मामा, खर्च परवडत नाही म्हणून आमचा विभाग बंद होतोय. या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. शेवटच्या बातम्या मीच वाचणार आहे." पत्र मी भावोजींच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तर पत्र घडी घालून माझ्या पिशवीवर ठेवलेलं होतं.

"चांगला सेट बघायला हवा," ते म्हणाले. "शेवटचं तरी स्वच्छ ऐकू येईल."

सेट लगेच सापडला, हे नशीब म्हणायचं. ज्याचा काटा भावोजी दुरुस्त करायचे त्या वाण्यानं सांगितलं, की मागच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्यांचे यजमान बोटीवर इंजिनीअर होते, त्यांचा रेडिओ विकायचाय. वीस तारखेला आम्ही गेलो. नर्सबाईंची खोली तळमजल्यावर, निम्मं सामान खोक्यांत भरलेलं. त्या बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर विणलेल्या रुमालाखाली तो रेडिओ होता.

रुमाल काढला आणि मी भावोजींकडे बघितलं. त्यांनी चेहरा पाडला. म्हणजे सेट पहिल्या प्रतीचा होता! एकाही स्क्रूवर ओरखडा नाही, बॅटरीच्या खोबणीत हिरवा गंज नाही, बटणं लोण्यातून फिरावीत तशी. नर्सबाईंनी सांगितलेली किंमत नव्याच्या पावपटसुद्धा नव्हती. भावोजी म्हणाले, "बघू. जुना आहे फार."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "घेऊन टाका."

"महिना संपायला अकरा दिवस आहेत. घाईनं घेणारा ठकतो."

चोवीस तारखेला दुसरी खेप. या वेळी ते मुद्दाम सहा वाजता गेले. अर्धा तास सेट तापू देतो म्हणाले, इकडची तिकडची केंद्रं लावत बसले. आपल्याला हवं ते केंद्र विकणाऱ्यासमोर लावायचं नाही, हाही एक कायदा. पण सव्वासहाला त्यांचा हात काट्यावर आला आणि हळू हळू तिथंच गेला. खोलीत माझी भाची बोलायला लागली. शेजारच्या खोलीतून हाक मारावी इतका स्वच्छ आवाज. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. भावोजींचे डोळे मिटले. मला वाटलं, आता हा माणूस खिशात हात घालणार. त्यांनी डोळे उघडले, काटा पुढं ढकलला आणि म्हणाले, "खरखर फार आहे. निम्म्यात देत असाल तर बघतो."

नर्सबाई हसल्या. "खरखर मला तर नाही ऐकू आली. निम्म्यात नाही देणार हो. यांनी फार जपला होता."

रस्त्यात मी भांडलो. "पोरगी शेवटच्या आठवड्यात म्हणालीय, शेवटच्या तारखेला नाही! उद्या बंद झालं तर?"

"मधेच कोण बंद करतं? कुठलंही काम महिनाअखेरीलाच मिटवतात. एकतीसला बंद होईल. अठ्ठावीसला आपण सेट घरी आणू. तीन दिवस आरामात मिळतील."

"थोड्या पैशांसाठी कशाला जीव टांगणीला लावता?"

"पैशांचा प्रश्न नाही रे," ते म्हणाले. आता मला वाटतं, खरंच नव्हता. आयुष्यभर एकाच मापानं मोजत आलेल्या माणसाला ऐन वेळी दुसरं माप हातात धरता येत नाही. पण तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना कंजूष म्हणून मोकळा झालो.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. जुन्या रेडिओतून नुसती शिट्टी येत होती. मधेच भाचीच्या आवाजाचा एखादा तुकडा तरंगत वर यायचा आणि बुडायचा. शब्द एकही कळत नव्हता. भावोजींनी रेडिओवर हलकी थाप मारली आणि म्हणाले, "असू दे. उद्या."

अठ्ठावीसला गेलो तेव्हा खोली जवळजवळ रिकामी होती. भावोजी बोलायच्या आत नर्सबाईच म्हणाल्या, "घेऊन जा हो. तुम्ही म्हणाल त्या किमतीत. निम्म्यात म्हणालात ना, निम्म्यात न्या."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. बघ, तिसरी खेप, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मग सवयीनं विचारलं, "का? बिघडला की काय?"

"छे, उत्तम चालतोय. पण आता मी ऐकू काय त्याच्यावर? तुम्ही परवा ते स्टेशन लावलंत ना, आपल्या भाषेतलं? तुम्ही गेल्यावर मी परत शोधून काढलं. तीन दिवस रोज ऐकलं. किती गोड वाचायची ती मुलगी! आणि काल म्हणाली, आजचा शेवटचा दिवस. बंदच झालं ते."

भावोजी स्टुलाजवळ उभे होते. त्यांचा हात रेडिओवर होता, तो तिथंच राहिला.

"रडली हो शेवटी," नर्सबाई खोक्याला दोरी बांधता बांधता सांगत होत्या. "म्हणाली, रेडिओ कसा लावायचा हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. काटा हळू फिरव, घाई केलीस की स्टेशन निसटतं, असं म्हणायचे. ते काही ऐकत नसतील. पण तुम्ही कुणी ऐकत असाल, तर तुम्हालाच नमस्कार करते." त्यांनी गाठ मारली आणि मान वर केली. "कसला बाप असेल हो? पोरीचा आवाज साता समुद्रापलीकडून घरी येतोय, आणि याला साधा कान द्यायला नको!"

मी तोंड उघडलं. भावोजींनी माझा हात धरला, इतका घट्ट की मी गप्प बसलो. नर्सबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेली पूर्ण रक्कम त्यांनी खोक्यावर ठेवली. नर्सबाई नको नको म्हणत होत्या, तोवर ते रेडिओ उचलून दाराबाहेर गेलेसुद्धा होते. निम्मे पैसे त्या भल्या बाईनं माझ्या खिशात कोंबले.

घरी आल्यावर त्यांनी सेट टेबलावर ठेवला आणि सव्वासहाला लावला. काटा केसाचंही अंतर न चुकता जागेवर नेला. तिथं काहीच नव्हतं. सेट इतका चांगला होता, की ते काहीच नसणंही स्वच्छ ऐकू येत होतं. साडेसहापर्यंत बसून राहिले. मग वही उघडून त्यांनी काहीतरी लिहिलं.

मी म्हणालो, "मी आत्ता तिला फोन लावतो. सांगतो, अकरा वर्षं ऐकत होते म्हणून."

"नको."

"अहो, अजून किती ताणाल?"

"ताणत नाही रे." त्यांचा आवाज फाटला होता. ताई गेली तेव्हाही असा नव्हता. "ती विचारेल, मग बाबा, शेवटच्या दिवशी मी काय म्हणाले? काय सांगू? मी भाव पाडत बसलो होतो म्हणून सांगू? की न ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगू?"

खोटं वजन त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं, लेकीलाही द्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, आज नको, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगेन. थोडे दिवस म्हणजे किती, हे मला त्या खेपेला त्यांनी विचारलं नाही. आठ महिन्यांनी, दुपारी, एका दुकानाचा काटा तपासताना ते बसल्या जागी गेले.

भाची आली. या वेळी वेळेवर पोचली. घर आवरताना तिला कपाटात वह्या सापडल्या, अकरा वर्षांच्या. तराजू तपासणीचेच रकाने, तारीख, वेळ, शेरा. ती जमिनीवर बसून वाचत राहिली आणि मी दारात उभा होतो. आवाज स्वच्छ. आज खोकला आहे, औषध घेतलेलं दिसत नाही. आज दुसरीच कुणी वाचली, सुट्टी असावी. हिच्या आईला जाऊन आज पाच वर्षं, शेवटची बातमी घाईत वाचली, तिलाही आठवत असावं.

शेवटच्या वहीत शेवटची ओळ होती, "सत्तावीस. स्वतः ऐकलं नाही. दुसऱ्याकडून कळलं. दोष सेटचा नाही."

तिनं वही मिटली. "मामा, तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"तुझ्या आईची शपथ घातली होती गं त्यांनी."

"आई असती तर तिनं ती पहिल्याच दिवशी मोडली असती," ती म्हणाली. रागानं नाही, फार दमून म्हणाली. आणि ते खरं होतं.

वह्या ती घेऊन गेली. रेडिओ मात्र नको म्हणाली, तुझ्याकडेच राहू दे म्हणाली. तो आता माझ्या टेबलावर आहे. पत्रं येत नाहीत, मीही लिहीत नाही. घरी आलेला एखादा जाणकार सेट उलटा करून स्क्रू बघतो आणि विचारतो, "कितीला घेतला हो?" मी सांगतो. तो म्हणतो, "फारच स्वस्तात मिळाला."