चाळीस वर्षांचं गार पाणी

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं रोज पहाटे गार पाण्यानं अंघोळ केली. ते पाणी चाळीस वर्षं माझ्या आईनं आणलं. यातलं पहिलं वाक्य मी कितीतरी लोकांना कौतुकानं सांगितलं आहे. दुसरं माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते गेल्या वर्षी, आणि तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते.

आमचं गाव म्हसवडच्या पुढं, माळावर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडील सैन्यात गेले, मेंढरं विकली गेली. ते पेन्शन घेऊन परत आले तेव्हा मी सहा वर्षांची असेन. येताना त्यांनी एक ट्रंक, एक रेडिओ आणि गार पाण्याची अंघोळ आणली. थंडीच्या मुलखात तंबूबाहेर गोठलेलं पाणी फोडून आम्ही अंघोळ करायचो, असं ते सांगायचे, आणि ते खरं असावं, कारण खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

अंगणात एक फरशी होती. पहाटे पाचला ते तिच्यावर उकिडवे बसायचे. तीन बादल्या लागायच्या. रात्री उघड्यावर ठेवलेलं पाणी जास्त गार होतं म्हणून ते आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचं असा नियम होता. पहिला तांब्या डोक्यावर न घेता पायावर, मग मांड्यांवर, मग पाठीवर, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर. तोंडातून आवाज काढायचा नाही, श्वास लांब सोडायचा. आम्ही भावंडं दारात बसून बघायचो. अंघोळ झाली की त्यांच्या पाठीतून वाफ निघायची आणि ते हसरे दिसायचे. दिवसभरात ते आमच्याशी सगळ्यात प्रेमानं बोलायचे ते त्या अर्ध्या तासात. परीक्षेची फी, सहलीचे पैसे, काही मागायचं असेल तर आम्ही तेव्हाच मागायचो.

"गार पाणी म्हंजी फुकटचा डॉक्टर," ते म्हणायचे. त्यांना सर्दी झालेली मला आठवत नाही. पाठ शेवटपर्यंत ताठ. पडल्या पडल्या झोप लागायची. गावातली माणसं त्यांच्या तब्येतीची उदाहरणं द्यायची, भरतीला जाणारी पोरं त्यांना विचारायला यायची.

विहीर गावाबाहेर, उतारावर होती. तीन बादल्या म्हणजे आईच्या दोन खेपा. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक कळशी. घरातल्या पिण्याच्या, स्वयंपाकाच्या, जनावराच्या पाण्याच्या खेपा वेगळ्या. उन्हाळ्यात विहीर आटली की टँकर यायचा, आणि मग हंडा भरायला मिळायचा तो भांडून. त्या दिवसांतही तीन बादल्यांच्या दोन झाल्या नाहीत. एकदाच काय त्या दोन भरल्या गेल्या होत्या. वडील ओरडले नाहीत. ते अंघोळ न करता तसेच बसून राहिले, दिवसभर कुणाशी बोलले नाहीत, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तीन होत्या.

आई अंघोळ कधी करायची, मला माहीत नाही. हे मी आता लिहिताना आठवायचा प्रयत्न करते आहे आणि मला एकही दिवस आठवत नाही.

पुढं मी शिकले, सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, लग्न झालं, इथलीच झाले. गावात नळ आला. तो कोपऱ्यावर होता आणि चार दिवसांतून एकदा यायचा, तरी विहिरीपेक्षा बरा. आईची खेप लहान झाली, आणि मी मनातल्या मनात तो विषय मिटवून टाकला.

तीन वर्षांपूर्वी माझी झोप गेली. पाळी जायचे दिवस होते. अंगातून गरम लाटा यायच्या, छातीत धडधड व्हायची, कारण नसताना रडू यायचं. ग्रंथालयातली एक सहकारी मला दर रविवारी सकाळी भरणाऱ्या एका ग्रुपमध्ये घेऊन गेली. एका मोकळ्या मैदानात मोठे प्लास्टिकचे टब, त्यात पाणी आणि बर्फाच्या लाद्या. चालवणारा तिशीतला, शांत बोलणारा मुलगा होता. त्यानं आधी सगळं विचारून घेतलं, बीपी आहे का, हृदयाचा त्रास आहे का, आणि मगच मला टबात उतरू दिलं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात वाटलं, मरते आता. श्वास वरच्या वर अडकला. तो म्हणाला, "मॅडम, घाई करू नका, फक्त श्वास बाहेर सोडा." मी सोडला, आणि मला वडील आठवले. दीड-एक मिनिटानं शरीर भांडायचं थांबलं. बाहेर आले तेव्हा कातडी लाल झाली होती आणि डोक्यातली महिनाभराची कटकट बंद पडली होती. त्या दिवशी मी दुपारी नीट जेवले. पुढं घरीही रोज सकाळी गार पाणी सुरू केलं. झोप हळूहळू परत आली. गार पाण्याचा गुण नाही असं मी म्हणणार नाही. मला आला.

मग मी त्या मुलाला वडिलांबद्दल सांगितलं. वय शहात्तर, चाळीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. दोन बादल्यांचा तो दिवस मला तेव्हा आठवला नाही. त्याचे डोळे चमकले. असा माणूस आपल्या लोकांना बघायला मिळाला पाहिजे, म्हणाला. ग्रुपच्या वर्धापनदिनाला वडिलांचा सत्कार करायचं ठरलं.

गेल्या वर्षी जानेवारीत मी दोघांना सांगलीला आणलं. छोटा हॉल होता, साठ-सत्तर माणसं असतील. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घातली होती. शाल, श्रीफळ झालं. ते उभं राहून बोलले आणि फार छान बोलले. आधी पाय, मग पाठ, शेवटी डोकं. शरीराला एकदम घाबरवू नका. मन म्हणेल उद्या करू, त्याचं ऐकू नका. लोक लिहून घेत होते. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. आई तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती, हात मांडीवर.

प्रश्न सुरू झाले. एका मुलीनं माईक घेऊन आईकडं बघत विचारलं, "काकू, तुम्ही पण गार पाण्यानंच अंघोळ करता का?"

माईक आईच्या तोंडापुढं आला. ती जरा मागं सरली. मग म्हणाली, "उरलं तर करायची."

हॉल हसला. अगदी मनापासून हसला, टाळ्या पण पडल्या. वडीलही हसले. त्यांना ती काहीतरी गमतीचं बोलली असं वाटलं असावं. आणि मीही हसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी तिच्याशेजारी बसून हसले, आणि हसता हसता तिच्याकडं बघितलं तर ती गोंधळून सगळ्यांकडं बघत होती. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं.

दुपारी घरी आल्यावर तिनं मला दबक्या आवाजात विचारलं, गिझर लावशील का. ती अंघोळीला गेली ती अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. वडील सोफ्यावर शाल घेऊनच बसले होते. ते म्हणाले, म्हातारपणी हे चोचले सुचायला लागलेत, गरम पाण्यानं हाडं मऊ पडतात. मी दार वाजवलं. तिनं कडी काढली. तिला डोक्यावरून पाणी घेता येत नव्हतं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. किती दिवसांपासून, विचारलं, तर दोन-तीन वर्षं झाली असतील म्हणाली. बोटांना मुंग्या यायच्या, आता कळतच नाही.

मी तिचे केस धुतले. टाळूवर रुपयाएवढी जागा पूर्ण उघडी होती. केस गळून नाही, घासून गेलेली. तिथं घागरीखालची चुंबळ असायची.

"सांगितलं का न्हाईस गं?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझी गावची बोली आपोआप परत येते.

"त्येंला सांगितलं हुतं. गार पाणी वत म्हनलं. वतलं रोज. लय ठनकायचं."

"आनि मला?"

तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. "तू फोनवर त्येंच्याच तब्येतीचं इचारायचीस," म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

मी सोमवारी दोघांना डॉक्टरकडं नेलं. आईच्या मानेचे फोटो काढले. मणक्यांमधल्या गाद्या झिजून नस दाबली गेली होती. डॉक्टरांनी आईला विचारलं, डोक्यावरून ओझी वाहिलीत का. ती काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "आमच्याकडं समद्याच बायका वाहत्यात." डॉक्टरांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं.

माझ्या आग्रहानं वडिलांनाही तपासलं. रक्तदाब बराच वाढलेला होता आणि नाडी मधेच चुकत होती. डॉक्टरांनी नीट समजावलं. एकदम गार पाणी अंगावर घेतलं की रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदयावर जोर येतो. तरुण, धडधाकट माणसाला ते चालतं, कदाचित फायदाही होतो, पण तुम्ही आता कोमट पाणी घ्या आणि ही गोळी रोज. वडिलांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. जिन्यात म्हणाले, कालच आपला सत्कार झालाय, त्या माणसाला ठाऊक नसेल.

आईला फिजिओथेरपीसाठी मी तीन आठवडे ठेवून घेतलं. वडील गावी गेले. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. आई कधी येणार, पाणी नाही. मी म्हटलं, नळ कोपऱ्यावर आहे, आबा. ते म्हणाले, मला माहीत आहे, आणि फोन ठेवला.

मग आठवड्याभरानं गावातल्या शेजारणीशी बोलणं झालं. तिनं सहज सांगितलं की म्हाताऱ्यानं पहाटेची अंघोळ सोडली. एक दिवसाआड दुपारी, एका बादलीत आटपतो. लोकांनी विचारलं तर म्हणतो, डॉक्टरनं बंद करायला सांगितलंय.

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिले. चाळीस वर्षांचा नेम. त्या नेमाचा दाखला देऊन त्यांनी आम्हाला आळशी म्हटलं, आजारी भावाला पहाटे उठवलं, आईच्या दुखण्याला नाटक म्हटलं. आणि तो नेम आई नसताना दोन आठवडेही टिकला नाही. गार पाणी त्यांना कधीच जड गेलं नव्हतं. ते उचलून आणणं चार-पाच दिवसांत जड गेलं.

मी आईला सांगितलं. तिला माझ्यासारखा राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सवय न्हाई त्येस्नी," आणि पिशवी भरायला लागली. मी अडवलं, भांडले, शेवटी मला रडू आलं. ती राहिली नाही. तीन आठवड्यांतला शेवटचा आठवडा तसाच सोडून ती गेली.

त्या रविवारी मी आणि भाऊ गावी गेलो. काळी टाकी, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, कोपऱ्यापासून पाइप, न्हाणीघरात तोटी. प्लंबरनं सकाळी काम सुरू केलं आणि ऊन उतरायच्या आत संपवलं. एक दिवस. मी वीस वर्षं पगार घेते, भाऊ पुण्याला चांगल्या नोकरीत आहे, वडिलांना पेन्शन होती. तो एक दिवस आमच्यापैकी कुणालाही सुचला नाही. मी गार पाण्याच्या टबात बसून वडिलांची आठवण काढत होते, आणि ते पाणी कुठून यायचं हा प्रश्न मला पडला नव्हता. वडिलांना मी जो जो दोष देते त्यातला अर्धा माझाच आहे.

वडिलांनी टाकीचं फार कौतुक केलं नाही. उन्हानं तापलेलं पाणी येतं, त्यात गुण नसतो, म्हणाले. पण त्यानंच अंघोळ करतात. गोळी आई हातावर ठेवते तेव्हा घेतात.

ग्रुपवाल्या मुलाचा मध्ये फोन आला. वडिलांच्या भाषणाचं चित्रण खूप लोकांनी बघितलं होतं, पुढच्या वर्धापनदिनालाही त्यांना आणायचं होतं. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. विहीर, खेपा, मान, बोटं. तो सज्जन मुलगा आहे, त्यानं मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाला, "वाईट वाटलं, मॅडम. पण काकांची तब्येत तर त्यामुळंच एवढी चांगली राहिली ना?"

होय, म्हटलं, त्यामुळंच.

मी त्या ग्रुपला जायचं सोडलं. घरी मात्र अजूनही सकाळी गार पाणीच घेते. सोडून बघितलं, पण झोप पुन्हा बिघडली. मला त्याची लाज वाटते, तरी घेते.

आईच्या खांद्याचं दुखणं कमी आहे. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, बोटांतली जाणीव परत येईल असं सांगता येत नाही. ती आता तांदूळ निवडताना डाव्या हातानं निवडते, कारण उजव्या बोटांना खडा आणि दाणा यातला फरक कळत नाही.