घर्षणाचा धडा

कळंबच्या कॉलेजात प्रेमानंद सर कितीतरी वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. तास संपताना ते "समजलं का?" विचारायचे, पोरं "व्हय सर" म्हणायची आणि सगळे घरी जायचे. त्यामुळं आपण चांगलं शिकवतो, अशी सरांची प्रामाणिक समजूत होती.

बी.एस्सी.ची पुस्तकं इंग्रजीत, पोरं मराठीत. म्हणून काही प्राध्यापकांनी मिळून इंटरनेटवर फुकटचं मराठी पुस्तक लिहायला घेतलं. त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्ती करावी. सरांनी घर्षणाचा धडा लिहिला. थांबलेली वस्तू हलवायला जोर जास्त लागतो, एकदा हलली की कमी लागतो, हे सांगायला त्यांनी बर्फावरच्या घसरगाडीचं उदाहरण दिलं.

आठवड्यात कुणीतरी ती गाडी काढून तिथं सोयाबीनचं पोतं आणलं. खाली कारण दिलं, "बर्फ आमी फक्त रसवंतीत बघितलाय."

सरांनी गाडी परत घातली. दुसऱ्या दिवशी पोतं हजर. असं बरेच दिवस चाललं. शेवटी शहानिशा करायला सर धान्याच्या मोंढ्यात गेले आणि एक पोतं ओढू लागले.

बालाजी हमालानं विचारलं, "सर, कुठं न्यायचंय?"

"कुठंच नाही."

"मग?"

"आधी जड जातं का, ते बघतोय."

"बघा. फक्त फाडू नका."

पोतं एकदम जागचं हललं आणि सर मागच्या ढिगावर बसले. घरी जाऊन त्यांनी पोतं धड्यात कायम केलं.

वर्गात त्यांनी विचारलं, "धडा कुणी बदलला?" सगळ्यांनी वह्यांत डोकं घातलं. तास संपल्यावर मागच्या बाकावरची सृष्टी थांबली.

"सर, म्या बदलला."

"मग उदाहरण कळत नाही, हे वर्गातच का नाही सांगितलंस?"

"वर्गात तुम्ही समोर असता की."

हे सरांना लागलं. घरी ते ताटावर नुसते बसून राहिले. बायकोनं, महानंदाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी खोटं बोलली का?"

"नाही."

"मग जेवा."

दिवाळीनंतर ध्वनीचा धडा सृष्टीनं लिहिला. सरांनी सूत्रं तपासली, वेलांट्या सुधारल्या आणि लेखकांत तिचं नाव वर घातलं. परवा लातूरच्या एका प्राध्यापकांचा मेल सरांच्या पत्त्यावर आला. 'आदरणीय सृष्टी मॅडम' यांना त्यांनी एक शंका विचारली होती. सरांनी तो तिला पाठवून दिला. मॅडम सध्या सेकंड इयरला आहेत.