रांगेतला नाताळ

वर्षाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितले, की गव्हाणीचा देखावा माळ्यावर गेला तरी नाताळ आवरून ठेवू नका; रोज कुणाला तरी आपल्याआधी जागा द्या. मला ते मनापासून पटले.

चर्चमधून परतताना डोंबिवली स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत पत्नीचा आणि माझा क्रमांक आला. मी रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या आजींना बोलावून पुढे बसवले. मग भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या एका बाईंना.

मागचा तरुण म्हणाला, "काका, जागा तुम्ही देताय, थांबतोय आम्ही. टोकाला जाऊन द्या ना."

त्याचे बरोबर होते. माझ्या औदार्याची किंमत सारी रांग मोजत होती. मी खजील होऊन टोकाला गेलो. पत्नीही येईल, असे मी गृहीत धरले होते. ती रिक्षात तिसरी बसली.

"अहो, मलाही आधी जाऊ द्या," ती म्हणाली. "मी जेवून घेते, तुम्ही सावकाश या."

रिक्षा निघाली. तेवढ्यात माझ्यामागे एक गृहस्थ येऊन थांबले. इथे तरी नुकसान एकट्या माझेच होते. मी नम्रपणे म्हणालो, "आपण पुढे जाता का?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले.

"का? पुढे काय झालंय?"